वादळानंतरचा पंचनामा: कोकणातल्या वाडीत या चुका टाळा

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि मुरूड-श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत बागा आडव्या झाल्या. पावसाळा तोंडावर, म्हणून ज्याने त्याने आधी घरावर छप्पर घालायची धावपळ केली. त्यात चूक काहीच नाही. पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पडझड आवरून झालेली असते आणि दाखवायला काही उरत नाही.

त्यामुळे कौलं-पत्रे उचलण्याआधी फोटो. नुसत्या ढिगाऱ्याचा जवळून काढलेला फोटो कुणाच्याही घरचा असू शकतो; एक लांबून घ्या, ज्यात अख्खं घर दिसेल. वीज गेलेली असते, तेव्हा फोनचं चार्जिंग व्हिडिओ बघण्यात घालवू नका.

'पत्रे उडाले' एवढ्यावर नोंद थांबू देऊ नका. एकूण पत्रे किती, गेले किती, भिंतीला तडा आहे का, हे लिहून घ्या. अंशतः पडझडीच्या मदतीला किमान 15 टक्के नुकसान लागतं, आणि ती टक्केवारी अंदाजाने ठरली की वाद आलाच. गोठ्याची नोंद वेगळी.

खरी गफलत होते ती बागेत. निसर्गनंतर फळबागेला आधी हेक्टरी 50 हजार जाहीर झाले. आकडा ऐकायला मोठा, पण गुंठ्याला जेमतेम 500 रुपये! आमच्याकडे हेक्टरात वाडी आहे कुणाची? पाच गुंठ्यांत नारळ, त्यात दाटीने पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, पोफळीवर मिरीचे वेल. ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली, नारळाला 250 आणि सुपारीला 50. तेही तुटपुंजंच. पण तेव्हा झाडांची मोजदाद ज्यांच्याकडे होती त्यांचं काम सोपं झालं.

म्हणून क्षेत्राबरोबर झाडं मोजा. दाट पोफळीत तेच झाड दोनदा मोजलं जातं; मोजलेल्या खोडाला चुन्याचा पट्टा ओढा. आणि 'उभं आहे म्हणजे वाचलं' असं धरू नका. नारळ-सुपारीला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. शेंडा पिळवटला की खोड ताठ उभं असलं तरी झाड संपलं. आंब्याची फांदी मोडली तर खालून फुटवा येतो, माडाला तसा येत नाही. शेंडा मोडलेली झाडं उन्मळलेल्यांबरोबर, पण वेगळ्या रकान्यात लिहायला सांगा.

'वाढवून सांग रे, कापूनच देतात' असं सांगणारा एक काका प्रत्येक वाडीत असतो. त्याचं ऐकू नका. एक आकडा खोटा निघाला की शेजाऱ्याच्या खऱ्या आकड्यावरही शंका घेतली जाते.

सातबाऱ्यावर आजोबा आणि चार चुलते, त्यातले दोघे मुंबईत: पैसे अडकतात ते इथे. सहहिस्सेदारांची संमतीपत्रं आधीच गोळा करा. पासबुकही पाहून घ्या. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, आयएफएससी कोड बदलले, तरी जुन्या पासबुकाची झेरॉक्स जोडणारे अजून भेटतात.

पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा, रिकामे रकाने तिथेच भरून घ्या आणि त्या कागदाचाही फोटो काढा.