बेडरूम मोजताना या चुका टाळा

पलंग मावला की बेडरूम झाली, असं धरून चालणारी गिऱ्हाईकं मला सारखी भेटतात. नकाशा मंजूर करणारा पलंग बघत नाही, खोली राहण्यायोग्य आहे का ते बघतो. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे एक खोली किमान 9.5 चौरस मीटर, म्हणजे साधारण 102 चौरस फूट, आणि रुंदी 2.4 मीटर हवी. दुसरी 7.5 चौरस मीटरवर भागते, पण रुंदी 2.1 मीटरच्या खाली नको. उंची 2.75 मीटर आणि मोकळ्या हवेत उघडणारी खिडकी. मुंबईला डीसीपीआर 2034 आणि बाकी बहुतेक महाराष्ट्राला यूडीसीपीआर ही बांधकामाची नियमावली लागू आहे. बारकावे आर्किटेक्टला तिथलेच विचारा.

सगळ्यात महागात पडते ती मंजूर नकाशा न बघण्याची चूक. पुण्यात एका जोडप्याने रिसेलचा 'थ्री बीएचके' पसंत केला. तिसरी खोली झकास: पीओपी, वॉलपेपर, एसी. पण दारातून आत जाताना फरशी दोन बोटं खाली उतरत होती आणि कोपऱ्यात, गालिच्याखाली, पाणी जायची जाळी. बेडरूममध्ये जाळी कशाला? नकाशा मागवला, तर तिथे 'टेरेस'! मालकाने स्लायडिंग लावून ती बंद केली होती. रेरा कायद्याच्या कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेत, उघडी टेरेस धरतच नाहीत. बँकेच्या व्हॅल्युअरनेही दोनच बेडरूम धरल्या, कर्ज कमी बसलं आणि टोकन देऊन बसलेल्या त्या दोघांची पैशांसाठी धावाधाव सुरू झाली. एजंट वर म्हणतो, "अहो, सगळेच करतात." करतात ना, पण पालिकेची नोटीस येते ती घरमालकाच्या नावाने, एजंटच्या नाही.

मी नकाशा हातात आल्याशिवाय कुणाला टोकन देऊ देत नाही. नव्या प्रकल्पाचा महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या वेबसाइटवर बघायला मिळतो, जुन्या इमारतीचा सोसायटीकडून किंवा पालिकेतून काढावा लागतो. दोन खेपा होतात, होऊ द्या. 'उद्या दुसरी पार्टी येतेय' म्हणणाऱ्याला तर मी मुद्दाम थांबवतो. खोलीवर 'स्टोअर', 'स्टडी' की 'ड्राय बाल्कनी' लिहिलंय ते वाचा. 'अडीच बीएचके'तला अर्धा बहुधा तिथेच सापडतो.

खिडकी आहे म्हणून खूश होऊ नका, ती उघडून बाहेर डोकवा. समोर ड्रेनेजचे पाइप आणि शेजाऱ्यांच्या बाथरूमच्या झडपा दिसल्या, तर तो डक्ट आहे, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली बंदिस्त पोकळी. बेडरूमला त्याची हवा चालत नाही.

सॅम्पल फ्लॅटमधल्या पलंगालाही टेप लावा. कधीकधी तो मुद्दाम आखूड करून घेतलेला असतो. पोटमाळ्याला बेडरूम म्हणू नका. आणि मोजमाप पावलांनी नको, टेपने, भिंतीपासून भिंतीपर्यंत, कपाटाच्या मागेसुद्धा.