बाईक थोडं चालून बंद पडते? टाकीचं झाकण बघा

गणपतीपुळ्याजवळ घेतलेली जुनी, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारा भाग) बाईक लातूरला आणत होतो. आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्यावरच गुदमरून बंद पडू लागली. जरा थांबलं की चालू. आंबा घाटातही तेच. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, फरक शून्य. डोकं पार उठलं.

खूण मलकापूरला सापडली: बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं, तर ‘फुस्स’ करून हवा आत गेली. झाकणातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, मग पेट्रोल खाली उतरत नाही.

इंजिन गार होऊ दिलं. झाकण काढून टाकीच्या तोंडावर फडकं टाकलं. भोकातला गंज बारीक तारेनं मोकळा केला, झाकण पेट्रोलनं धुतलं, पंक्चरवाल्याकडून हवा मारून घेतली, रबर नीट बसवलं. पुढं लातूरपर्यंत गाडी गुदमरली नाही. खिळ्यानं भोक मोठं करू नका, पावसाचं पाणी टाकीत उतरतं.