वळणावर लुकलुकणारा लाल दिवा

कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेसट्रॅकवर चौथ्या लॅपला, वळणात गाडी झुकली की इंजिन ऑइलच्या प्रेशरचा लाल दिवा लुकलुकायचा. सरळ रस्त्यावर गायब. लगेच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर आलो. थोडं थांबून डिपस्टिक (ऑइलची लेव्हल मोजायची पट्टी) काढली, तर ऑइल खालच्या खुणेलाच टेकलेलं. पुण्याहून गाडी चालवत नेली आणि निघाल्यावर एकदाही तपासलं नाही. दोष पूर्ण माझा! वळणात ऑइल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं.

त्या दिवशी ट्रॅकवर चालवणं बंद. टॉपअप करून सावकाश घरी.

मग ऑइलचा ग्रेड बदलला. ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४०, फुल सिंथेटिक. मॅन्युअलमध्ये दोन्ही चालतात म्हणूनच. पुढचा ५ थंडीतला, ४० तापल्यावरचा जाडपणा. ट्रॅकवर मला ४०च हवा. 'अजून जाड, १०डब्ल्यू-६० टाक' म्हणणारे मित्र भेटतातच, सोडून द्या.

इंजिन कोमट असताना जुनं ऑइल काढलं. ड्रेन बोल्टला नवा वॉशर, फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने थोडं ऑइल, फिल्टर हातानेच आवळला. लेव्हल वरच्या खुणेपर्यंत, त्यावर नाही. जास्त झालं तर क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, ते घुसळून फेस करतो.

पुढच्या ट्रॅक-डेला दिवा लागला नाही. डिपस्टिक मात्र आता दर सेशननंतर बाहेर.