दगडावर वस्तऱ्याला धार लावताय? या चुका टाळा

ग्वाल्हेरात दगडाला तोटा नाही, आणि पहिली चूक तिथूनच सुरू होते. घराच्या कामातून उरलेला फरशीचा गुळगुळीत तुकडा हाताशी असतो, त्यावर पाणी टाकून आजोबांचा वस्तरा घासायला घेतला जातो. आपल्या किल्ल्याच्या टेकडीचा, लष्कर भागातल्या वाड्यांच्या जाळ्यांचा दगड म्हणजे वालुकाश्म. त्यातला बारीकातला बारीक वाळूचा कणही ६० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो. वस्तऱ्यावर शेवटचा हात फिरवायला नावाजलेल्या बेल्जियमच्या पिवळ्या कोटिक्यूल दगडात गार्नेट या कठीण खनिजाचे कण साधारण ५ ते १५ मायक्रॉनचे. घरचा दगड विळी-कोयत्याला ठीक आहे. वस्तऱ्याची धार त्यावर करवतीसारखी होते.

अर्ध्या ब्लेडचा, सलूनमध्ये असतो तो वस्तरा दगडावर न्यायचाच नाही. ब्लेड बदला.

आता खरी मेख. “दगड चांगला आहे, तासभर घासलं, तरी दाढी ओढतेच,” अशी तक्रार असेल तर दगडाला दोष देऊ नका. धारेच्या दोन्ही बाजूंचे उतार एकमेकांना भिडलेलेच नसतात. हे भिडवायचं काम साधारण १००० नंबरच्या दगडाचं (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक). बारीक नैसर्गिक दगड लोखंड इतकं हळू खातो, की तिथं हे काम उरकायला बसलात तर दिवस जाईल आणि वर पातं चकचकीत दिसून फसवेल ते वेगळंच. खात्री करायची सोपी युक्ती आहे: उतारावर मार्करची शाई लावा, दगडावरून दोन हलके हात फिरवा आणि भिंगातून बघा. शाई पाठीकडून पुसली गेली पण अगदी कडेला काळी रेघ उरली, तर दगड धारेपर्यंत पोचलेला नाही. मग मनगटावरचे केस काढून बघा, तेही टोक, मध्य आणि टाच (मुठीकडचं टोक) अशा तिन्ही जागी. एकही जागा अडत असेल तर बारीक दगड बाहेर काढू नका.

सुरीच्या सवयीने पाठ उचलली जाते, तीही मोडा. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली हवीत. कोन ठरवायला पाठच असते. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर टेप लावत असाल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावा. १००० वर टेप आणि शेवटच्या दगडावर टेप नाही, असं केलंत तर कोन बदलतो आणि शेवटचा दगड धारेला शिवतच नाही.

दाब नको. दोन्ही बाजूंनी खोलगट घासून पातळ केलेलं पातं बोटाच्या जोराने वाकतं आणि उतार एकसारखा राहत नाही. शेवटच्या हातांना वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरे.

दगड सपाट आहे का? पेन्सिलने चौकडी आखा, काचेवर ओला सँडपेपर ठेवून त्यावर दगड घासा. मधल्या रेघा शेवटपर्यंत राहिल्या तर मध्ये खोलगट आहे. दगड पात्यापेक्षा अरुंद असेल तर हात तिरका ओढत टाचेपासून टोकापर्यंत न्या, नाहीतर एकच भाग झिजतो.

घासताना निघणारा गाळ लोखंड लवकर काढतो, पण दाट गाळात धार बोथटही होते. थेंब थेंब पाणी घालत तो पातळ करा आणि शेवट स्वच्छ पाण्यावर करा. जुन्या पेटीतून मिळालेला दगड तेल प्यायलेला असेल तर त्यावर पाणी नीट पसरत नाही. एकतर तेलावरच चालवा, नाहीतर आधी नीट धुऊन काढा.

मग चामड्याचा पट्टा. इथं दिशा उलटी: दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. उलट गेलात तर पट्टाही चिरतो आणि धारही जाते. पट्टा ताणलेला ठेवा. सैल पडला की धार गोल होते. मे महिन्यात आपल्याकडे चामडं कडक होतं, वापरण्याआधी तळहाताने चोळून घ्या.

पावसाळ्यात उलटं दुखणं. कार्बन स्टीलच्या धारेवर डोळ्यांना न दिसणारा गंज चढतो, आणि आषाढात छान चाललेला वस्तरा श्रावणात ओढायला लागतो. दाढीनंतर पुसून कोरडा करा, शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा. तरी ओढलाच तर आधी पट्टा, मग शेवटच्या दगडावर मोजके हात. भिंगातून धारेत खड्डे दिसले तरच पुन्हा १००० पासून सुरुवात करा.