चातुर्मासात बॅटऱ्या कशा ठेवाव्यात

मी लग्नांचे फोटो काढतो. आषाढी एकादशीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत कॅमेऱ्याच्या सहा आणि ड्रोनच्या चार बॅटऱ्या कपाटात पडून असतात. पूर्वी सगळ्या फुल चार्ज करून ठेवायचो. एका कार्तिकात ड्रोनची बॅटरी खाचेत बसेचना. हात फिरवला, तर पोट फुगलेलं. फार वाईट वाटलं.

आता 40 ते 60 टक्क्यांवर ठेवतो. ड्रोनच्या बॅटरीवर चारपैकी दोन दिवे लागले की पुरे. मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, असेल तर दर सेलला (बॅटरीच्या आतल्या एकेका घटकाला) 3.8 व्होल्टच्या आसपास बघा. पूर्ण भरलेला सेल 4.2 व्होल्टला असतो आणि त्या ताणाखाली आतला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे वीज वाहून नेणारं रसायन, हळूहळू बिघडत राहतो. उकाड्यात हे आणखी वेगाने होतं, म्हणून उन्हं लागणाऱ्या भिंतीचं कपाट नकोच. मी सगळ्यात खालच्या खणात ठेवतो. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढल्यावर दव धरतं.

अगदी रिकामीही ठेवू नका. बॅटरी नुसती पडूनही थोडी थोडी उतरते. सेल फार खाली गेला की आतलं तांबं विरघळू लागतं, आणि अशी बॅटरी पुन्हा चार्ज करणं धोक्याचं. कॅमेऱ्यातून काढून, टोप्या लावून ठेवा. गणपती उठले की मी एकदा सगळ्या तपासतो. एकच दिवा उरला असेल तर थोडं चार्जिंग.

फुगलेली बॅटरी टोचू नका, चार्जही करू नका. सरळ ई-कचरा केंद्रात द्या.