गोंगाट कमी करायचाय? आधी टाळी वाजवून बघा

कॅफेत चार-पाच टेबलं भरली की समोर बसलेल्याला "काय? काय म्हणालास?" करत बसावं लागतं, ऑफिसात एकाचा फोन चालू झाला की त्याची मीटिंग अख्ख्या मजल्याला पाठ होते. आपण म्हणतो लोकं फार ओरडतात. पण बरेचदा दोष लोकांचा नसतो, काचेच्या भिंती, टाइल्स आणि उघडं काँक्रीटचं छत यांचा असतो. आवाज शोषायला कुणीच नाही म्हटल्यावर तो टप्पे खात फिरत राहतो, मग ऐकू यावं म्हणून प्रत्येक जण थोडं चढ्या आवाजात बोलतो, त्याचं बघून शेजारचा अजून चढतो. याला लोंबार्ड इफेक्ट म्हणतात, एका फ्रेंच डॉक्टरनं 1911 मध्ये तो मांडला होता.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो, नाहीतर पैसे वाया जातील. बाहेरच्या ट्रॅफिकचा किंवा शेजारच्या खोलीतला आवाज अडवायचा असेल तर जड भिंत, घट्ट बसणारं दार, बुजवलेल्या फटी हे लागतं. पॅनल, पडदे, गाद्या हे सगळं खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषायला. भिंतीला फोम चिकटवला म्हणून शेजाऱ्याचा टीव्ही बंद होत नाही!

पहिलं काम : टाळी

जागा रिकामी असताना मध्यभागी उभं राहून एकच जोरात टाळी वाजवा. आवाजाची शेपटी लांबत गेली तर एकूणच शोषण कमी आहे. आणि टर्रर्र असा काहीसा धातूसारखा आवाज आला तर समजा दोन कडक भिंती समोरासमोर आहेत आणि आवाज त्यांच्यात पिंगपाँग खेळतोय. तिथं दोन्ही भिंती झाकायची गरज नसते, एकीवर पॅनल किंवा पुस्तकांनी भरलेलं कपाट आलं तरी बऱ्याचदा भागतं.

दुसरं : थोडं गणित

कंटाळा करू नका, हे सोपंय. 1895 मध्ये हार्वर्डच्या एका नव्या लेक्चर हॉलमध्ये प्राध्यापकांचं बोलणंच कळत नव्हतं, ते बघायला वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण शिक्षकाला सांगितलं गेलं. हा पठ्ठ्या रात्री-रात्री जवळच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्यातून सूत्र निघालं: घनफळाला 0.161 नं गुणा आणि एकूण शोषणानं भागा, आवाज 60 डेसिबलनं पडायला किती सेकंद लागतात ते मिळतं.

समजा जागा 10 बाय 6 मीटर, उंची 3, म्हणजे 180 घनमीटर. सगळं कडक असेल तर शोषण साधारण 15 चौरस मीटर धरू (म्हणजे सगळा आवाज गिळणाऱ्या 15 चौरस मीटर पृष्ठभागाइतकं), उत्तर येतं 1.9 सेकंद. बोलायच्या जागेला हे फार झालं. 0.8 वर आणायचं तर शोषण 36 लागेल, म्हणजे अजून 21. पॅनलवर एनआरसी नावाचा आकडा असतो, ढोबळमानानं 0 म्हणजे सगळा आवाज परत, 1 म्हणजे सगळा गिळला. 0.85 चं पॅनल घेतलं तर 25 चौरस मीटर लागतील. कोपऱ्यात दोन शोभेचे चौकोन लावून फरक का पडत नाही, ते इथं कळतं.

तिसरं : वर बघा

25 चौरस मीटर आणायचे कुठून? छतातून. ते मोकळं असतं, तिथं काही सांडत नाही, कुणी खुर्ची टेकवत नाही. पॅनल छताला चिकटवण्यापेक्षा थोडं खाली टांगलं तर दोन्ही बाजूंनी शोषतं, आणि मागच्या हवेच्या पोकळीमुळं खालच्या पट्टीतला आवाजही जास्त पकडला जातो. पातळ फोम फक्त वरची पट्टी खातो, मग खोली घुमायची थांबत नाही, नुसती बोदी वाटते. माझं मत विचाराल तर 50 मिलिमीटर जाडीच्या खाली जाऊच नका. (अंड्यांचे ट्रे लावणाऱ्यांना हात जोडून विनंती, नका लावू, पातळ पुठ्ठा आहे तो.) आणि काहीही छताला लावण्याआधी त्याचं आगीचं रेटिंग विचारा, फोमच्या बाबतीत तर नक्कीच.

मग सामान

पडदा जड कापडाचा, खिडकीच्या दुप्पट रुंदीचा आणि भरपूर चुण्यांचा हवा, ताणून लावलेला झिरझिरीत पडदा कामाचा नाही. सोफ्याचं कापड निवडताना तोंडाला लावून फुंकर मारा, हवा आरपार गेली तर आवाजही आत गादीपर्यंत जाईल. रेक्झिन इथंच फेल होतं. कार्पेटकडून फार अपेक्षा नको, पण पावलांचा आणि खुर्च्या सरकवण्याचा आवाज ते मुळातच होऊ देत नाही, कार्पेट नको असेल तर खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावा, सगळ्यात स्वस्त उपाय. ऑफिसात टेबलांमधले पार्टिशन बसलेल्याच्या डोक्यापेक्षा उंच हवेत, आणि वरचं छत शोषणारं नसेल तर आवाज त्यांच्यावरून उडी मारून जातोच.

सगळं एकदम लावू नका. निम्मं लावा, गर्दीच्या त्याच वेळी, त्याच जागेवर फोनच्या ॲपनं आधी आणि नंतर मोजा. वरच्या हिशोबानं सगळी पॅनल लावली तरी आकडा जेमतेम 4 डेसिबलनं खाली येतो, पण लोकं स्वतःच हळू बोलायला लागली की तो अजून उतरतो. ऑफिसात मात्र अती शांत झालं तर पलीकडच्या टेबलावरची कुजबुजही स्पष्ट ऐकू येते, तेव्हा उरलेली पॅनल लावायच्या आधी तिथं बसणाऱ्यांना विचारा.