व्हॅक्यूम प्रायमरीवर, क्वेरी मरते स्टँडबायवर

पोस्टग्रेसच्या स्टँडबायवर (मुख्य सर्व्हरची, म्हणजे प्रायमरीची, सतत अद्ययावत होणारी प्रत) चाललेला मोठा रिपोर्ट मध्येच 'कॅन्सलिंग स्टेटमेंट ड्यू टू कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी' म्हणत पडला, तर क्वेरीत चूक शोधत बसू नका. व्हॅक्यूम म्हणजे निकामी जुन्या रो साफ करणारी प्रक्रिया. प्रायमरीवरच्या चालू क्वेरींना लागणाऱ्या जुन्या रो तो तशाच ठेवतो, पण स्टँडबायवर कोण काय वाचतंय हे त्याला ठाऊक नसतं. त्याची साफसफाई वॉलमधून (बदलांच्या नोंदींचा लॉग) स्टँडबायवर येते आणि तिथल्या जुन्या स्नॅपशॉटला (क्वेरीला दिसणारं डेटाचं आधीचं चित्र) नेमक्या त्याच रो हव्या असतात.

आधी स्टँडबायवरच पीजी_स्टॅट_डेटाबेस_कॉन्फ्लिक्ट्स हा व्ह्यू बघा. कॉन्फ्ल_स्नॅपशॉट वाढत असेल तर दोष साफसफाईचा. कॉन्फ्ल_लॉक वाढत असेल तर दुखणं वेगळं, ते शेवटी.

पहिला उपाय मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले, म्हणजे आड येणारी क्वेरी मारण्याआधी स्टँडबायने किती थांबायचं ती मुदत. मूळ किंमत 30 सेकंद. इथे बरेच जण फसतात: ही मुदत प्रत्येक क्वेरीला स्वतंत्र मिळत नाही, वॉल हाती आल्यापासून मोजली जाते. एका क्वेरीपायी रिप्ले (स्टँडबायवर वॉल लागू करणं) 25 सेकंद मागे पडला असेल, तर तो सावरेपर्यंत पुढच्या अडवणाऱ्या क्वेरीच्या वाट्याला जेमतेम 5 सेकंद येतात. फक्त रिपोर्टसाठी ठेवलेल्या स्टँडबायवर ती खुशाल तासभर करा, लॅग वाढेल एवढंच. फेलओव्हरसाठी (प्रायमरी पडल्यास जागा घ्यायला) ठेवलेल्यावर मात्र नको. उणे 1 म्हणजे बेमुदत वाट. ते तर टाळाच.

दुसरा उपाय स्टँडबायवर हॉट_स्टँडबाय_फीडबॅक ऑन करणं, त्यासाठी सेटिंग रिलोड करणं पुरतं. मग स्टँडबाय आपला सर्वांत जुना एक्समिन (कुठपासूनच्या जुन्या रो अजून लागतात ते सांगणारा ट्रान्झॅक्शन क्रमांक) प्रायमरीला कळवत राहतो आणि व्हॅक्यूम त्या रोंना हात लावत नाही. भुर्दंड प्रायमरीवर पडतो. स्टँडबायवर सहा तास उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन म्हणजे प्रायमरीवर सहा तासांच्या मेलेल्या रो, आणि सतत अपडेट होणारं टेबल बघता बघता फुगतं. म्हणून पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमधल्या बॅकएंड_एक्समिनवर नजर ठेवा. रेप्लिकेशन स्लॉट (स्टँडबायसाठी काय राखून ठेवायचं याची प्रायमरीवरची नोंद) वापरत असाल तर आणखी जपा: स्टँडबाय बंद पडला तरी स्लॉट तो एक्समिन धरून ठेवतो. कायमचा काढलेल्या स्टँडबायचा स्लॉट लगेच ड्रॉप करा.

आता लॉकचं. टेबलाच्या शेवटची रिकामी पानं कापताना व्हॅक्यूम ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक (वाचनही अडवणारा) घेतो, तो स्टँडबायवरही रिप्ले होतो आणि फीडबॅक त्याला रोखत नाही. आवृत्ती 12 पासून त्या टेबलापुरतं व्हॅक्यूम_ट्रंकेट ऑफ करता येतं. फाइल आकसणार नाही, पण रिकामी जागा नव्या रोंना वापरता येते.